निदानाच्या शब्दाचे ओझे

स्किझोफ्रेनिया आणि स्किझोअफेक्टिव्ह विकार यांच्यातील सीमारेषा वैद्यकशास्त्रालाही अजून ठामपणे आखता आलेली नाही. आपले कायदे, विमा आणि दाखले मात्र ती दगडावरची रेघ असल्यासारखे वागतात. त्याची किंमत रुग्ण आणि त्यांची कुटुंबे मोजत आहेत.

एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका विमा दाव्यावर दिलेला निकाल फारसा गाजला नाही. स्किझोअफेक्टिव्ह विकारावरील उपचारांसाठी एका महिलेला आदल्या वर्षी रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. मनोविकारांवरील उपचार पॉलिसीतून वगळलेले आहेत, असे कारण देऊन विमा कंपनीने तिचा दावा फेटाळला. न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मान्य केले नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम २१(४) विमा कंपन्यांना शारीरिक आणि मानसिक आजारांत भेदभाव करू देत नाही. कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे, म्हणून हे बंधनही त्याच दिवसापासून लागू होते, असे न्यायालयाने बजावले.

या निकालाचा कायदेशीर अर्थ स्पष्ट आहे. मला त्यातली दुसरी बाब अधिक महत्त्वाची वाटते. ज्या आजाराचे नाव या देशातील बहुसंख्य सुशिक्षितांनीही ऐकलेले नाही, त्या नावावर एका कुटुंबाचा उपचारखर्च अडकून पडला होता. मनोविकारांच्या बाबतीत हे नेहमीच घडते. केसपेपरवर लिहिलेला एक शब्द पुढे विम्याच्या फाइलीत, अपंगत्वाच्या दाखल्यात, नोकरीच्या नोंदीत, घटस्फोटाच्या अर्जात जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला नवे वजन प्राप्त होते. म्हणून हे शब्द नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे धोरणाचा विचार करणाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे.

दोन आजार की एकच पट?

स्किझोफ्रेनियात माणसाचे वास्तवाशी असलेले नाते विस्कळीत होते. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, आपल्यावर पाळत आहे किंवा आपले विचार बाहेरून कोणी घालत आहे अशा समजुती पक्क्या होतात, बोलण्याची संगती तुटते. ही लक्षणे उठून दिसतात. याहून अधिक नुकसान करणारी लक्षणे शांत असतात : उमेद ओसरणे, भावना मंदावणे, लोकांतून अंग काढून घेणे, लक्ष आणि स्मरणशक्ती कमी पडणे. घरच्यांना हा आळस वाटतो. कधी हट्ट, कधी संस्कारांचा अभाव. आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून तिशीपर्यंत सुरू होतो. म्हणजे शिक्षण, नोकरी आणि लग्न यांचे निर्णय ज्या वर्षांत होतात, नेमकी तीच वर्षे तो गिळतो.

स्किझोअफेक्टिव्ह विकारात ही लक्षणे असतातच. त्यांच्या जोडीला तीव्र नैराश्याचा किंवा उन्मादाचा झटका असतो. यावर कोणी विचारेल, की गंभीर नैराश्यात किंवा बायपोलर आजारातही कधी कधी भास होतात, मग फरक कोणता? फरक कालक्रमाचा आहे. अमेरिकेतील निदानपुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीनुसार, मनःस्थितीचा झटका नसतानाही किमान दोन आठवडे भास वा भ्रम टिकले पाहिजेत आणि तरीही एकूण आजारपणाच्या बहुतांश काळात मनःस्थितीची लक्षणे असली पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात मात्र दोन्ही प्रकारची लक्षणे एकाच वेळी आणि किमान महिनाभर असणे आवश्यक मानले आहे. परिणामी, एकाच रुग्णाला एका पुस्तकानुसार हे निदान लागू होते आणि दुसऱ्यानुसार होत नाही, असे घडू शकते.

या गोंधळाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या मनोविकारांची दोन खाती केली : एकात बुद्धी आणि व्यक्तिमत्त्व क्रमाने ढासळवणारा आजार, दुसऱ्यात उन्माद आणि नैराश्याच्या लाटांनी येणारा. पहिल्याला पुढे ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव दिले. परंतु दोन्ही खात्यांत पाय असलेले रुग्ण भेटतच राहिले. १९३३ मध्ये जेकब कॅसानिन यांनी अशा नऊ रुग्णांचे वर्णन करून 'स्किझोअफेक्टिव्ह' हा शब्द रूढ केला. ते रुग्ण तरुण होते, आजार अचानक उफाळला होता आणि ते बऱ्यापैकी सावरलेही होते. आज जनुकशास्त्र सांगते, की स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजार यांची आनुवंशिक पाळेमुळे मोठ्या प्रमाणावर एकमेकांत गुंतलेली आहेत. खाती आपण केली. निसर्गाने ती तशी केलेली नाहीत. या दोन्ही आजारांचे निदान करणारी रक्ताची वा मेंदूच्या स्कॅनची चाचणी अजून उपलब्ध नाही. निदान होते ते वेळ देऊन, ऐकून आणि महिनोन्महिने पाहून.

वेळच नसलेल्या देशातले निदान

आणि वेळ हीच गोष्ट आपल्या व्यवस्थेपाशी नाही. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ मधील अहवालात नोंदवल्यानुसार भारतात दर लाख लोकसंख्येमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. अपेक्षा किमान तिघांची धरली जाते. जे आहेत त्यांतले बरेचसे महानगरांत आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात आवाज ऐकणारा, घाबरलेला तरुण समोर येतो, तेव्हा 'आधी नैराश्य आले की आधी भास सुरू झाले' या प्रश्नाचे उत्तर मिळवायला लागणारा अर्धा तास कुठून आणायचा? दिसते ते लिहिले जाते आणि एकदा लिहिलेले सहसा बदलत नाही.

हा केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा प्रश्न नाही. मनःस्थितीचा भाग निसटला तर उपचाराचा अर्धा भाग निसटतो. भासांवरील औषधांबरोबर अशा रुग्णांना अनेकदा लिथियमसारखे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध किंवा नैराश्यविरोधी औषध द्यावे लागते. नैराश्य ओळखले गेले नाही तर आत्महत्येचा धोका वाढतो, आणि तो या दोन्ही आजारांत मुळातच मोठा आहे. लिथियम स्वस्त आहे, राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. पण त्याची सुरक्षित मात्रा आणि विषारी मात्रा यांतले अंतर थोडे असल्याने रक्तातील त्याचे प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन हे सर्वांत परिणामकारक औषध मानले जाते. त्यासाठी सुरुवातीचे महिने पांढऱ्या पेशींची नियमित मोजणी हवी. ही तपासणी जिथे होत नाही, तिथे औषधांच्या यादीतले हे नाव कागदावरच राहते. मानसिक आरोग्याच्या धोरणावर बोलताना आपण डॉक्टर मोजतो. प्रयोगशाळा मोजत नाही.

२०१५-१६ मध्ये बेंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने काही आकडे समोर ठेवले. स्किझोफ्रेनिया आणि तत्सम मनोविकार आयुष्यात कधी तरी झालेल्यांचे प्रमाण प्रौढांत १.४ टक्के आणि त्या वेळी आजारी असलेल्यांचे ०.४ टक्के आढळले. उपचारांपासून वंचित असलेल्यांचे प्रमाण या आजारांत ७५.५ टक्के होते. म्हणजे चारांतले तिघे. इतक्या ठळक लक्षणांच्या आजारात ही स्थिती असेल तर दोष अज्ञानाला देऊन भागणार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत सुरू झाला. आज तो कागदोपत्री ७६७ जिल्ह्यांत मंजूर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसची १४४१६ ही दूरध्वनी सेवाही आहे. सल्ला फोनवर मिळू शकतो. दर महिन्याचे इंजेक्शन, रक्ताची तपासणी आणि औषधे सोडून घरी बसलेल्या रुग्णाच्या दारापर्यंत जाणारा कार्यकर्ता फोनवरून मिळत नाही.

नावात दडलेला गैरसमज

मराठीत या आजाराला 'छिन्नमनस्कता' म्हणतात, हिंदीत 'मनोविदलता', तमिळमध्ये 'मनच्चिदैवु'. सगळ्यांचा आशय एकच : तुटलेले, फाटलेले, ढासळलेले मन. ग्रीक शब्दाचा अर्थ सर्वांनी प्रामाणिकपणे भाषांतरित केला आणि त्याबरोबर गैरसमजही. एका देहात दोन व्यक्ती, असे चित्र चित्रपटांनी त्यात भरले. वास्तविक दुहेरी व्यक्तिमत्त्वाचा या आजाराशी संबंध नाही. असे रुग्ण हिंसक असतात, हाही तितकाच टिकाऊ समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक रुग्ण कोणाला इजा करत नाहीत, उलट तेच फसवणुकीला आणि मारहाणीला अधिक बळी पडतात.

जपानने २००२ मध्ये 'दुभंगलेल्या मनाचा आजार' अशा अर्थाचे जुने नाव अधिकृतपणे टाकून 'समन्वय बिघडण्याचा विकार' अशा अर्थाचे नाव स्वीकारले. त्यासाठी रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेनेच आग्रह धरला होता. दक्षिण कोरियानेही २०१२ मध्ये नाव बदलले. तारांचे वाद्य सुरात लावण्याची प्रतिमा त्यांनी निवडली. नाव बदलल्याने आजार बरा होत नाही, हे खरे. परंतु नाव सांगण्याचे धाडस डॉक्टरांना होते, आणि ज्याला आपल्या आजाराचे नावच सांगितलेले नाही, त्याच्याकडून आयुष्यभराच्या औषधांची अपेक्षा कशी ठेवावी? भारतीय भाषांत ही चर्चा अजून सुरूही झालेली नाही.

कायद्याच्या पुस्तकातला एकमेव शब्द

शब्दाचे ओझे सर्वांत जड होते ते विवाह कायद्यात. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील कलम १३(१)(तीन) नुसार जोडीदाराचा मनोविकार हे घटस्फोटाचे कारण ठरू शकते. १९७६ च्या दुरुस्तीने त्याला स्पष्टीकरण जोडले आणि मनोविकाराच्या व्याख्येत 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द नावानिशी घातला. नैराश्य, बायपोलर, स्मृतिभ्रंश यांपैकी कशाचाही तिथे असा उल्लेख नाही. नाव घेऊन उभा केलेला आजार हा एकच.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र या शब्दाला वेसण घातली. नुसते निदान पुरेसे नाही. आजार इतक्या तीव्रतेचा हवा, की जोडीदाराने एकत्र राहावे अशी अपेक्षा वाजवीपणे ठेवता येऊ नये, असे १९८८ च्या निकालाने स्पष्ट केले. स्किझोफ्रेनियाची तीव्रता माणसागणिक बदलते, हे वैद्यकीय सत्य त्यात मान्य झाले. २०१३ मध्ये न्यायालयाने आणखी एका पतीचा घटस्फोटाचा दावा अमान्य केला. पत्नी स्वतः डॉक्टर होती. हैदराबादच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थच्या तज्ज्ञांनी तिची लक्षणे उपचारांनी आटोक्यात असल्याचे आणि औषधे व कुटुंबाचा आधार मिळाल्यास संसार चालू शकतो, असे मत दिले होते. न्यायालयाने ते स्वीकारले.

पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत किती जणी पोहोचतात? खालच्या न्यायालयांत, आणि त्याहून अधिक दोन घरांच्या बैठकीत, कायद्याच्या पुस्तकातला छापील शब्दच बोलतो. चेन्नईच्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनने, म्हणजे डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या 'स्कार्फ'ने, विवाह मोडलेल्या रुग्ण स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचा भार प्रामुख्याने माहेरच्या वृद्ध आई-वडिलांवर असल्याचे दिसले. आजारी पतीची शुश्रूषा पत्नीने करावी, हे आपण कर्तव्य मानतो. आजारी पत्नीला माहेरी पोहोचवणे हा व्यवहार मानतो.

येथे एक ताजा दाखला आहे. कुष्ठरोग हेही घटस्फोटाचे कारण होते. आजार बरा होतो, तो कारण म्हणून ठेवणे भेदभावाचे आहे, हे मान्य करून संसदेने २०१९ मध्ये वैयक्तिक कायद्यांत दुरुस्ती केली आणि तो उल्लेख काढून टाकला. त्याच न्यायाने 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द का राहावा? यावर आक्षेप येईल, की कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, स्किझोफ्रेनिया तसा होत नाही. आणि जोडीदाराच्याही यातना असतात. त्या असतात, हे नाकारता येत नाही. पण असह्य परिस्थितीतून सुटकेचा मार्ग कायद्यात 'मनोविकार' या सर्वसाधारण शब्दात आणि क्रौर्य, परित्याग, परस्परसंमती या कारणांत आहेच. एका आजाराचे नाव वेगळे काढल्याने जोडीदाराला नवे संरक्षण मिळत नाही; रुग्णावर शिक्का मात्र बसतो. शिवाय २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, की केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून कोणी 'विकृत मनाचा' ठरत नाही. एकाच देशाच्या कायद्याच्या दोन पुस्तकांत एवढे अंतर असू नये.

चांगल्या महिन्यातला दाखला

दुसरी अडचण दाखल्यांची. अपंग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. लाभांसाठी सर्वसाधारणपणे किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. तो देताना स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींत गुण देण्याची पद्धत आहे, आजाराचा कालावधीही धरला जातो. पद्धत भारतीय तज्ज्ञांनी विचारपूर्वक तयार केलेली आहे. तथापि लाटांनी येणारा आजार हा तिचा कच्चा दुवा आहे. स्किझोअफेक्टिव्ह विकाराचा रुग्ण औषधांनी सावरलेल्या महिन्यात तपासणीला आला तर नीट बोलतो, नीट दिसतो. वर्षातून दोनदा रुग्णालयात जाणारा हा माणूस नोकरी टिकवू शकत नाही, हे त्या दिवशीच्या मुलाखतीत दिसत नाही. गुडघा रोज सारखाच अधू असतो. मन तसे नसते. मंडळाने एका भेटीऐवजी मागील दोन वर्षांच्या उपचारनोंदी पाहणे बंधनकारक झाले, तर बराच अन्याय टळेल.

कुटुंब : आधार की सबब?

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला. त्यात आग्रा हे एक केंद्र होते. नंतरच्या अभ्यासात चंदीगढ आले. विकसनशील देशांतले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा अधिक सावरतात, असा निष्कर्ष निघाला आणि त्याचे श्रेय एकत्र कुटुंबाला दिले गेले. आपल्याला तो निष्कर्ष आवडला. २००८ मध्ये विक्रम पटेल आणि आर. थारा यांच्यासह काही संशोधकांनी पुढचे पुरावे तपासून या गृहीतकावर प्रश्नचिन्ह उभे केले. माझे म्हणणे इतकेच, की कुटुंबाच्या प्रेमाचे कौतुक करत राज्याने आपली जबाबदारी त्याच्यावर ढकलली. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. त्यांना तिथे आणून सोडणारेही कुटुंबीयच होते. ते दुष्ट नव्हते. त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती.

दुसरी वाट असू शकते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. २०१४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गोवा, सातारा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम परिसरात स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन रुग्णांच्या घरी पाठवण्यात आले. ते डॉक्टर नव्हते. औषधांवर लक्ष ठेवणे, घरच्यांना आजार समजावणे, कामाला परतायला मदत करणे, एवढेच त्यांचे काम. केवळ रुग्णालयातील उपचारांच्या तुलनेत लक्षणे आणि अकार्यक्षमता यांत माफक पण खरी घट दिसली. चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेने मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे अडकलेल्या स्त्रियांना चार-पाच जणींच्या गटाने सामान्य वस्तीतील भाड्याच्या घरात राहण्याची सोय केली. हा प्रयोग पुढे इतर राज्यांतही गेला. समाजात राहण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये लिहिलेलाच आहे. हा हक्क पुरवायला घरे लागतात, भाडे लागते, पगारी माणसे लागतात.

तेव्हा सरकारपुढच्या कामांची यादी अवघड नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात लिथियमची पातळी आणि पांढऱ्या पेशी मोजण्याची सोय. आशा कार्यकर्तीच्या जोडीला गंभीर मनोविकारांसाठी स्वतंत्र, पगारी कार्यकर्ता. दाखल्यासाठी दोन वर्षांच्या नोंदींचा आधार. रुग्णालयातून घरी न जाऊ शकणाऱ्यांसाठी वस्तीतली घरे. आणि विवाह कायद्यातून एक शब्द वगळणारी एका ओळीची दुरुस्ती, जिला तिजोरीतून एक रुपयाही लागत नाही.

स्किझोफ्रेनिया असलेल्या किमान तिघांपैकी एक जण पूर्णपणे सावरू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्या दोघांपैकीही अनेक जण आजारासह काम करतात, संसार करतात, मतदान करतात. त्यांच्या केसपेपरवरचा शब्द बदलेल, कदाचित पुन्हा बदलेल. शास्त्राला तो अधिकार आहे. त्या शब्दावरून माणसाचे घर, विमा आणि नागरिकत्वाचा मान ठरवण्याचा अधिकार मात्र आपण कायद्याला आणि कचेऱ्यांना दिलेला आहे, आणि तो परत घेणे आपल्याच हाती आहे.